करंजाचं तेल आणि डोळ्यांची आखणी

माझे वडील पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे, भुवया, कपाळावरचं गंध. बाकीचं रंगकाम दहा हात मिळून करतात, पण डोळे एकाच माणसाने, एकाच बैठकीत काढायचे असतात. मध्ये उठलं की दोन्ही डोळ्यांची नजर एक येत नाही, असं वडील म्हणायचे. त्या कारखान्यातल्या सगळ्या मूर्ती शेवटी त्यांच्यापुढे यायच्या.

मी सातवीत असेन, तेव्हा त्यांच्या उजव्या अंगठ्याचं दुखणं सुरू झालं. आधी नुसता सकाळी आखडायचा. मग अंगठ्याच्या मुळाशी सूज आली आणि मनगटापर्यंत कळ जायला लागली. बारीक कुंचला धरायचा तर अंगठाच लागतो. आषाढ लागला होता, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि वडील मधेच कुंचला खाली ठेवून हात झटकत बसायचे.

आई खांब गावची. तिच्या माहेरी गुडघ्यापासून मानेपर्यंत कशालाही एकच औषध होतं, करंजाचं तेल. बिया ओढ्याकाठच्या झाडांच्या, तेल घाण्यावरून काढून आणलेलं. त्यात आजी निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला कुरकुरीत होईपर्यंत उकळायची आणि फडक्यातून गाळून ठेवायची. तेल काळपट, वास असा कडू की शेजारच्या घरात कळायचं. आईने निरोप धाडला आणि मामा एसटीने बाटली घेऊन आला. दिवेलागणीला आई तेल कोमट करून वडिलांचा अंगठा चोळायची आणि वरून रुईचं गरम पान बांधायची. गुण यायचा, हे सांगितलंच पाहिजे. सकाळी अंगठा वाकायचा. वडील स्वतः मला वाकवून दाखवायचे.

पण तेल लागलेल्या हाताने आखणी होत नाही. पाण्याचा रंग तेलकट जागी धरत नाही, थेंब थेंब होऊन मागे सरतो. आखणी करताना करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवावी लागते, आणि तिथे बोटाचा तेलकट ठसा उमटला की पुढे त्या जागी रंगाचा पापुद्रा सुटतो. म्हणून वडील कामावर निघायच्या आधी हात धुवायचे. आधी शिकेकाईने, मग रिठ्याने, मग राखेने. तरी वास राहिलाय असं वाटलं की धुण्याच्या सोड्याने. सोड्याने कातडी फाटली आणि बोटांना चिरा पडल्या. चिरांवर आईने कोकमाचं तेल लावलं. वडील पुन्हा उठून हात धुवायला गेले.

मला त्या दोघांचाही राग यायचा. आई संध्याकाळी लावायची, वडील सकाळी खरवडून काढायचे, आणि दुखणं दोघांच्या मध्ये बसून वाढत होतं.

त्याच वर्षी श्रावणात एका मंडळाची मोठी मूर्ती तयार झाली. वडिलांनी डोळे काढले, सगळ्यांनी वाहवा केली. काही दिवसांनी मंडळाची माणसं बघायला आली, तेव्हा डाव्या डोळ्याखालचा रंग सुटलेला दिसला. वडिलांनी घासून पुन्हा काढला. पुन्हा सुटला. तेल आत जिरलं होतं. शेवटी मालकांनी तिथे नवा पांढरा थर द्यायला लावला आणि डोळे दुसऱ्या कारागिराकडून काढून घेतले. मालक तसे भले. ते वडिलांना बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाले की हात बरा होईपर्यंत तुम्ही मूर्ती घासायचं काम करा. घासकाम म्हणजे दिवसभर अंगठ्याखाली काचपेपर धरून रगडणं. सुजलेल्या अंगठ्याला याहून वाईट काम कारखान्यात नव्हतं. मालकांच्या ते ध्यानात आलं नाही, आणि वडिलांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी वडील भर दुपारी घरी आले. फळीवरची बाटली उचलून त्यांनी बाहेर न्हाणीजवळ नेऊन ठेवली. आईने ती पुन्हा आत आणली.

"हात राह्यला तर काम राहील," आई म्हणाली.

"आणि काम गेल्यावर हात घेऊन काय करू गो?"

तेलाची बाटली फळीवर राहिली, पण वडिलांनी हात पुढे करणं बंद केलं.

मग कोरडे उपाय सुरू झाले. आमच्याकडे मिठागरावरचं जाडं मीठ असायचंच. आई ते तव्यावर भाजून फडक्यात बांधायची आणि त्या पुरचुंडीने शेकायची. मिठाने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. कुणी विटेचा शेक सांगितला, कुणी ओव्याचा. घरात येणारा प्रत्येक माणूस अंगठा बघायचा आणि जाताना एक औषध सांगून जायचा. एका मावशीने तर बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितलं, आणि आई बिब्बा घेऊनही आली. वडिलांनी तो चुलीत टाकला. मी शाळेतून आले की दारातल्या चपला बघूनच माझं डोकं उठायचं, आज कोण नवीन सांगायला आलंय म्हणून. कुणालाही विचारलं नव्हतं. आणि एकानेही असं म्हटलं नाही की या माणसाला चार महिने घरी बसू द्या.

गणपती झाल्यावर वडिलांनी स्वतःच तोडगा काढला. भाद्रपद सरला की तेल लावायचं, पुढच्या हंगामाचं रंगकाम सुरू होईस्तोवर. रंग सुरू झाला की बाटली बंद. आईला ते पटलं नाही, तरी तिने मान्य केलं. आश्विनात मामा ताजं तेल घेऊन आला आणि आमच्या घरात पुन्हा तो वास भरला. थंडीच्या दिवसांत अंगठा खूप सुधारला. पुढच्या हंगामात मालकांनी त्यांना पुन्हा आखणीवर बसवलं. काही वर्षं असंच चाललं, आणि मला वाटलं, यातून मार्ग निघाला.

पण पेणच्या मूर्तींना मागणी वाढत गेली. शाडूबरोबर प्लास्टर आलं, बाहेरगावच्या मोठ्या ऑर्डरी आल्या, आणि कारखाने बारमाही झाले. दिवाळी संपते न संपते तोच रंगाचे डबे उघडायला लागले. तेलाचे महिने आकसत गेले आणि एका वर्षी उरलेच नाहीत. आईने मालकांकडे जाऊन बोलायचं ठरवलं होतं. वडिलांनी जाऊ दिलं नाही. जो थांबतो त्याची जागा दुसरा घेतो, एवढंच ते म्हणाले. त्यांचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. आखणी शिकलेली तरुण मुलं तोवर कारखान्यात आलीच होती.

माझं लग्न होऊन मी रोह्याला आले, त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी काम सोडलं. अंगठा तोवर तळहातावर आडवा पडून राहिला होता. ती दोघं माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी त्यांना इथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांधा झिजून आखडलाय असं सांगितलं. आईने लगेच विचारलं, तेव्हा तेल नेमाने लावू दिलं असतं तर?

डॉक्टर म्हणाले, "तेलाने बरं वाटलं असतं. पण हाताला आराम हवा होता."

घरी आल्यावर आईचा सगळा राग माझ्यावर निघाला. असल्या डॉक्टरकडं नेलंस कशाला, त्याला करंज ठाऊक तरी हाय का, असं ती बराच वेळ बोलत होती. वडील खिडकीशी बसून डाव्या हाताने चहा पीत होते. मी त्यांना विचारलं की तेव्हा मालकांकडे चार महिने मागितले असते तर दिले नसते का. त्यांनी कप खाली ठेवला. "दिले असते," ते म्हणाले, "मंग डोळे कुणी काढले असते?"

मी कप उचलून आत नेला.

आई आता रोज दोन वेळा तेल लावते. मामाची मुलं आता घाण्यावर जात नाहीत, म्हणून बाटली मी रोह्याच्या बाजारातून आणते. वडील निमूटपणे हात पुढे करतात. अंगठ्याचं दुखणं खरंच थांबलं आहे. सांधा पुरता आखडला की कळ कमी होते, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला तो अंगठा दाखवते आणि तेलाचा गुण सांगते. मी एक-दोनदा समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.