अक्कांनी वाचवलेला गुडघा

देवपुरात बाकीचे लोक माणसं चेहऱ्यावरून ओळखत असतील, आमच्या शेजारच्या अक्का ती गुडघ्यांवरून ओळखतात. मुलींच्या शाळेत तीस वर्षं खो-खो शिकवून निवृत्त झालेल्या अक्का सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल तपासतात. माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा सगळे मुलाची नोकरी विचारत होते. अक्कांनी त्याला मांडी घालून बसवलं आणि हात न टेकता उठायला लावलं, तेही दोनदा. "गुडघा चांगला शे," एवढा अहिराणीत निकाल देऊन त्या घरी गेल्या. लग्न ठरलं.

मागच्या वर्षी ऑफिसच्या व्हॉलीबॉल सामन्यात मी उडी मारून उतरलो आणि उजव्या गुडघ्यात कट् असा आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. सोनगीरकडे चोळून देणारा एकजण आहे असं कळलं म्हणून मी रिक्षा बोलावली, तर अक्का रिक्षासमोर येऊन उभ्या राहिल्या. "याले चोळानं नही," त्यांनी रिक्षावाल्याला बजावलं, "हाडांच्या डॉक्टरकडे घ्या." एमआरआयमध्ये आतलं लिगामेंट पूर्ण तुटलेलं निघालं. जळगावला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली.

त्यानंतर तीन महिने अक्का रोज सकाळी हजर. फिजिओथेरपीचा कागद त्यांनी पाठ केला होता. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा आणि दहा मोजेपर्यंत तसाच धरायचा. अक्का सातपर्यंत मोजायच्या, मग एखाद्या जुन्या सामन्याची हकीकत सांगायला लागायच्या आणि ती संपवून पुन्हा सातवर यायच्या. मी कळवळलो की म्हणायच्या, "रड, पण पाय सरळ ठेवून रड." आज मी जिने चढतो ते त्या लांबलेल्या सातांमुळे.

एकदा मी विचारलं, "अक्का, माझ्यासाठी एवढं का करता?" त्यांनी टॉवेलची घडी करून ठेवली. मग सांगितलं. त्यांची पिंपळनेरची एक खेळाडू उपांत्य सामन्यात गुडघा पिरगळून पडली होती. अक्कांनी तो चोळून, पट्टी बांधून तिला अंतिम सामन्यात उतरवलं. संघानं ढाल जिंकली, ती मुलगी पुन्हा कधी पळाली नाही. "मले तवय काही कळत नव्हतं," अक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या तिच्याकडे गेल्या नव्हत्या.

मला गाडी चालवायची परवानगी मिळाल्यावर मी पहिल्यांदा अक्कांना पिंपळनेरला नेलं. आधी नको नको म्हणाल्या, मग ठेवणीतली साडी नेसून गाडीत बसल्या. दार उघडलं ते पन्नाशीला आलेल्या, किंचित लंगडणाऱ्या बाईंनी. अक्का माफी मागायचं ठरवून आल्या होत्या. बाईंनी वाकून नमस्कार केला, खुर्ची पुढे ओढली आणि चहा टाकायच्या आधीच विचारलं, "बाई, आपली ती ढाल अजून शाळामा शे ना?"

"शे," अक्का म्हणाल्या. "काचेच्या कपाटात." तिचा हात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मी बाहेर गाडीपाशी येऊन थांबलो.