भोपळ्यावरचा पहिला वार

आमच्या वाडीत अख्खा भोपळा बाई कापत नाही. कोहळाही नाही. पहिला वार पुरुषाने घालायचा. कोयता एकदा आत गेला की मग बाईने त्याच्या फोडी कराव्यात, किसावा, शिजवावा, वाटेल ते करावं. असं का, ते मला विचारू नका. मी विचारलं होतं, तेव्हा तीन बायकांनी तीन कारणं सांगितली आणि चौथी म्हणाली, "तुला कापायचा नसेल तर तसं सांग."

अडचण अशी की पालीजवळच्या आमच्या वाडीत दिवसा पुरुष म्हणून फारसं कोणी सापडत नाही. बरेचसे मुंबईला, काही जयगडच्या बंदरावर कामाला. उरलो मी. घराच्या पडवीला लागून माझी पिठाची गिरण आहे, त्यामुळे मी कायम हजर. गेली पंधरा-एक वर्षं वाडीतला प्रत्येक भोपळा माझ्या हातून उघडतो.

हे काम मी मुकाट्याने करतो असं समजू नका. गावच्या नाटकात तीन वेळा राजा झालेला माणूस आहे मी. कोयता कपाळाला लावतो, डोळे मिटतो, भोपळ्याभोवती एक फेरी घालतो. "आटप रे, चुलीवर आमटी आहे," असं कोणीतरी ओरडलं की मग खाड्‌कन घाव. दोन शकलं होतात, आतला केशरी रंग उन्हात उघडतो आणि मी मान लववतो. टाळ्या कोणी वाजवत नाही, पण चहा मिळतो.

एवढे भोपळे कापल्यावर माणसाला मतं फुटतातच. कोहळा बाहेरून आजारी दिसतो, अंगभर पांढरी राख, पण उन्हाळ्यात त्याचे सांडगे घालावेत आणि पावसाळ्यात तळून गरम भातावर चुरावेत. दुधी बिचारा सज्जन, त्याला मी कधी नाव ठेवत नाही, पण माझं जास्त प्रेम त्याच्या सालींच्या चटणीवर, तीळ घालून कुरकुरीत परतलेल्या. आणि लाल भोपळा? त्यात दोन जाती. बाजारातला गुळगुळीत भोपळा शिजवला की पाणी सोडत बसतो. घारग्यांना घेतला तर पीठ किती ओतलं तरी पुरत नाही. शेवटी भोपळा खातोय की पीठ, हे कळत नाही. दुसरा आमच्या काकीचा. काकी म्हणजे शेजारच्या घरातली, सत्तरीची, माझी सख्खी कोणी नव्हे, पण हक्क सख्खीपेक्षा जास्त. तिचा भोपळा बसका, खोल फाकांचा, साल काळपट हिरवी, आत गच्च गर. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासूने तिला त्याचं बी दिलं होतं. तेव्हापासून दर वर्षी एक भोपळा बियांसाठी शिंक्यात टांगून ठेवायचा, वैशाखाच्या अखेरीला कापायचा आणि त्याचं बी लावायचं, हा तिचा नेम.

गेल्या वर्षी माकडांनी तिचा वेल धुऊन नेला. एकच भोपळा वाचला.

आता माझा अपराध ऐका. गिरणीच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत म्हणून मीच बायकांना सांगून ठेवलं होतं की भोपळा पडवीत ठेवून जा, मी सवडीने कापतो, संध्याकाळी घेऊन जा. मे महिन्यातल्या त्या दिवशी बायको माहेरी गेली होती. जाताना सांगून गेली, "भोपळा आणलाय, कापून ठेवा." दुपारी दळण संपवून पडवीत आलो तर भोपळे दोन. मला वाटलं, बायकोने दोन आणलेत. त्यातला एक असा काही देखणा होता की मी म्हटलं, आज स्वयंपाक आपणच करू.

फेरी घातली, घाव घातला, किसला. तुपावर किस परतला, गूळ घातला, मुरेल तेवढंच तांदळाचं पीठ, पाण्याचा थेंब नाही. केळीच्या पानावर घारगे थापून तळले. पीठ किती थोडं लागलं! बाजारात असा भोपळा मिळतो कसा, अशी शंका एकदाही मनात आली नाही. उलट मी स्वतःच्या हाताचं कौतुक करत होतो. बियाही वाया घालवल्या नाहीत. धुतल्या, मीठ लावलं, तव्यावर खमंग भाजल्या आणि पायरीवर बसून सोलत राहिलो.

चारच्या सुमाराला काकी आली.

"कापलास काय रे?"

"काय?"

"भोपळा. सकाळी ठेवून गेलेय नाय मी? गिरण चालू होती तुझी."

ती माझ्या मांडीवरच्या ताटलीकडे बघत होती. तिने वाकून एक बी उचललं, अंगठ्याच्या नखाने दाबलं. ते कडकन फुटलं.

"भाजलंस," ती म्हणाली.

"काकी..."

"मीठ बरोबर पडलंय ना? नाय, कमी असलं तर घरातनं आणते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती परत गेली, हातातलं सूप रिकामंच घेऊन.

दिवेलागणीला बायको परतली. मी सगळं सांगितलं. तिने एक घारगा खाल्ला, डोळे मिटून चावला आणि म्हणाली, "एवढी वर्षं कापताय, एकदा तरी विचारलंत भोपळा कोणाचा ते?" मग तिनेच फोन उचलला. काकीची मुलगी बुरोंडीला शाळेत शिकवते. काकीने तिला मागे कधीतरी हेच बी दिलं होतं. मुलगी म्हणाली, "आमच्याकडचे संपले गो वहिनी. पण शेजारच्या चाचींना मी बी दिलं होतं, त्यांच्या माळ्यावर शेवटचा एक आहे. त्यांचा मुलगा उद्या दुबईहून यायचाय. कापतील त्या. दादाला म्हणावं पहिली गाडी पकड."

पहिली गाडी पकडली. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा कोयता. तीन एसट्या बदलून, अंगातलं सगळं मीठ घामावाटे घालवून दुपारी बुरोंडीला पोचलो. चाचींच्या अंगणात मासळीचा वास होता आणि ओट्यावर, मी बघतच राहिलो, एका सुपात टपोऱ्या बिया सुकत घातलेल्या. मुलगा अजून पोचायचा होता, पण भोपळा आत पातेल्यात रटरटत होता.

"कापला कोणी?" मी विचारलं. इतक्या लांबून आलेल्या माणसाचा तो पहिला प्रश्न.

"कोणी म्हणजे? मी," चाची म्हणाल्या. "घरवाला माझा जहाजावर, वर्षातून दोनदा येतो. त्याची वाट बघितली असती तर या घरात भोपळा कोणी खाल्लाच नसता."

काकीची मुलगी दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. "दादा, पिशवीत काय हो ते लांबडं?"

मी पिशवी मागे सरकवली.

मला जेवायला बसवलं. सोडे घातलेला भोपळा. वाळवलेली कोळंबी आणि तो गर, वर कोकमाचा आंबटपणा, सोबत तांदळाची भाकरी. सोडे खारट, भोपळा गोड, दोघं एकमेकांना चिडवत राहतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चाचींनी मूठभर बिया ठेवून घेतल्या आणि बाकीच्या सगळ्या कागदाच्या पुडीत बांधून मला दिल्या. "तुमच्या काकीला सलाम सांगा. बी तिचंच आहे."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत पुडी खिशात होती आणि डोक्यात भाषण. काकी विचारणार, कोणी कापला. बाईने कापलेल्या भोपळ्याचं बी ती लावेल का? मला नाही वाटलं. मग मी सांगणार होतो: काकी, कोयता नेला होता, एकाच घावात दोन शकलं. दापोलीपासून खेडपर्यंत मी त्या घावाला इतकं रंगवलं की मलाच तो दिसायला लागला.

काकी अंगणात खड्डे खणत होती. म्हणजे आशा सोडली नव्हती. मी पुडी तिच्या पुढ्यात उघडली आणि सगळं सांगितलं, मुलगी, चाची, सलाम. तिने एक बी उचललं आणि अंगठ्याच्या नखाने दाबलं. ते फुटलं नाही. तिचा चेहरा बघत राहिलो.

"कापलान कोणी?"

सगळं तयार होतं, अगदी हातवाऱ्यांसकट. पण तिच्या बोटांत ते बी होतं.

"चाचीनेच," मी म्हटलं. "घरात पुरुष नव्हता. मी पोचायच्या आधीच कापला होता तिने."

काकी बियांवर वाकली. एक बी उलटं करून बघितलं, मग दुसरं.

"आणि शिजवलान कशात?"

"सोड्यांत."

"गूळ?"

"नाय. कोकम."

"लसूण?"

"भरपूर. ठेचलेली."

"हं," ती म्हणाली. मग पदराला हात पुसून उठली. "राखेचं घमेलं उचल. एका खड्ड्यात मूठभर राख, मी तीन-तीन बिया टाकते. आणि बी लावताना बोलायचं नाय."

"का गो?"

"तू गप राहतोस का बघायचंय."

सात खड्डे झाले. राख, बी, माती, तांब्याने पाणी. मी एक शब्द बोललो नाही.