कोरेगावचा भाऊ

डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारला होता, उत्तर मी दिलं. "दम्याचा पंप तेवढा आहे. बाकी ठणठणीत आहे ती." तेव्हा साठी उलटली होती माझी, पण अक्कल यायची होती. सत्तरीतही त्या अक्कलेची वाट पाहतेच आहे.

तिचं नाव सांगणार नाही. सांगलीच्या विश्रामबागेतले असाल तर ओळखायलाही जाऊ नका. माझ्या खानावळीत ती भाकऱ्या करायची आणि मागच्या खोलीत राहायची. एक भाकरी तव्यावर, एक हाताखाली. मध्येच पाठ वळवून पंप ओढायची आणि म्हणायची, "झालं वो काकू. चालू द्या तुमचं." माझं तोंड सोडून काहीच चालू नसायचं.

महिन्यातून एकदा ती सकाळच्या एसटीनं कोरेगावला जायची, भावाकडं. मला कौतुक. माझा सख्खा भाऊ मिरजेत राहून वर्षभर फिरकत नाही.

"एवढा जीव लावतो, मग भाऊबीजेला का नाही गं बोलवत?" मी एकदा विचारलं.

"तवा त्याला रानात काम असतंय."

माझ्यासारख्या चौकस बाईला एवढं उत्तर पुरलं.

पुढे तिचे गाल भरले. चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला. बाई गोल झाली की सुखात आहे, असं आपण धरून चालतो. हातपाय काड्यांसारखे होत होते, ते मी पाहिलंच नाही. मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली आणि सगळीकडे सांगत सुटले, माझ्या घरचं अन्न अंगी लागतं. ती मान खाली घालून हसायची.

मग ती लंगडायला लागली. जांघेत कळ यायची. "थंडीनं धरलंय," म्हणायची, भर मे महिन्यात. तेव्हा मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. "आणखी कुठली औषधं चालू आहेत?" त्यांनी विचारलं. तिनं तोंड उघडलं होतं. मी मध्ये पडले, तिनं ते मिटलं. दुखण्याच्या गोळ्या घेऊन आम्ही परतलो.

पावसाळा सरता सरता एक दिवस ती पाटावरून उठेचना. या वेळी एक्स-रे काढून तो पाहून डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसा."

परत येताना रिक्षात ती बोलली. "कोरेगावात माझा भाऊबिऊ कोन न्हाई. साताऱ्याला जाते मी, एचआयव्हीच्या गोळ्या आनाय. नवरा मागं ह्यो आजार ठेवून गेला. आता तुमी ठरवा."

साताऱ्याच्या डॉक्टरांना पंप ठाऊक नव्हता, सांगलीच्या डॉक्टरांना गोळ्या. त्या गोळ्यांमुळे पंपातलं स्टेरॉइड अंगात साचत राहिलं. त्यानंच गाल फुगवले, त्यानंच खुब्याचं हाड आतून मारलं. गोळ्या सोडाव्यात तर तो आजार उठणार, पंप सोडावा तर दम. पंप बदलून मिळणार होता. हाड गेलं ते गेलं.

माझी नजर तिच्या हातांकडे गेली. तिनं ते पदराखाली घेतले. भाकरीतून हा आजार होत नाही, हे मला पाठ होतं. पाठ असणं वेगळं, घशाखाली उतरणं वेगळं.  

दारात म्हणाले, "रात्रीला वांगं करायचं की दोडका?"

"दोडका करा," ती म्हणाली. "वांगं वातूळ असतंय."

त्या रात्री भाकऱ्या तिनंच केल्या, उभ्यानं. जेवणाऱ्यांना खरं सांगायचं धाडस मात्र मलाही झालं नाही.

खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती साताऱ्याला गेली आणि तिथंच राहिली. तिथं कुणाशी खोटं बोलावं लागत नाही म्हणे. इथं भाकऱ्या आता बाहेरून येतात. जेवायला येणारी मुलं विचारतात, मावशी कुठंय? मी सांगते, कोरेगावला, भावाकडं. तो भाऊ आता मलाच सांभाळावा लागतो.

ती निघाली त्या दिवशी स्टँडवर मी विचारलंच, "तेव्हा मी मध्ये तोंड घातलं नसतं, तर सांगितलं असतंस?"

बाकावर बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून ती खांबाला टेकून उभी होती. म्हणाली, "सांगणारच हुते. पर तुमी ठणठणीत म्हनालासा, मग मला बी तसंच वाटाय लागलं. आसं कुनी म्हनून लय वर्सं झाली हुती, काकू."