परळची तपासणी, लालबागची तालीम

कुडाळहून निघालेली आमची गाडी सकाळी लालबागच्या पुलाखाली थांबली आणि क्लीनर ओरडला, "चला लालबागवाले, पटापट उतरा!" माझा भाऊ शशी हसला. पटापट उतरणं त्याने कधीच सोडलंय. त्याला स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे. मांड्या आणि खांदे आधी जातात, मग बाकीचं हळूहळू. मी त्याच्या काखेत हात घातला, ड्रायव्हर बिचारा स्वतः खाली येऊन उभा राहिला, आणि मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला. "कुठे आग लागलीय का रे?" मी ओरडले. मी कॉलेजात गणित शिकवते. आवाज मोठा आहे. टेम्पोवाला गप्प बसला.

येण्याचं कारण सांगते. परळच्या एका संशोधन केंद्रात या आजारावर एक नवा अभ्यास सुरू होत होता. स्नायूंचे डॉक्टर, मानसशास्त्रवाले, रुग्णांना व्यायाम शिकवण्याच्या पद्धती तपासणारे शिक्षणशास्त्रवाले आणि या सगळ्यांचे आकडे जुळवणारे गणितवाले, अशी सगळी मंडळी एका मजल्यावर. ज्यांची निवड होईल त्यांना नवं औषध आणि देखरेखीखालचा व्यायाम मिळणार होता. निवडीची अट ऐकायला सोपी होती. बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठायचं आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालत जायचं. बऱ्या दिवशी शशीला हे घरी जमत होतं. बरे दिवस कमी होत चालले होते, म्हणून घाई. शशी प्राथमिक शाळेत मास्तर होता. फळ्यापर्यंत हात जाईना तेव्हा तो खुर्चीत बसून सांगायचा आणि पोरं फळ्यावर लिहायची. मग खुर्चीतून उठणंही जड झालं, आणि नोकरी सुटली. एवढी एक निवड झाली तर निदान आहे तिथे थांबता येईल, एवढीच त्याची मागणी होती.

तपासणी दुसऱ्या दिवशी होती. आम्ही उतरलो चुलतभावाच्या चाळीत. तो कामानिमित्त बाहेरगावी, घरी त्याची बायको सुलूवहिनी. चाळीच्या एका बाजूला काचेचा टॉवर उभा राहिलाय, त्याची सावली दुपारपर्यंत आमच्या गॅलरीत असते. जिन्याशी आम्ही पोचलो तर चार जण खुर्ची घेऊन तयार. शशीला खुर्चीत बसवून त्यांनी असा अलगद वर नेला की बघत राहावं. वर वसंतमामा उभे होते. मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, आणि या सगळ्या काळात चाळीच्या कबड्डी संघाला त्यांनी तालीम दिली. आता पिकलेले आहेत, पण छाती अजून पुढे.

"इलंस मा रे?" (आलास ना रे?) मामांनी शशीच्या पाठीवर थाप मारली. "आता कसली काळजी करू नको."

वहिनींनी घावणे आणि नारळाचा रस केला होता. शशी पोटभर जेवला. मी त्याला पलंगावर निजवला आणि बजावलं, "आज हलायचं नाही. केंद्राच्या लोकांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय." तो म्हणाला, "अगो ताई, मी हलून हलून जाणार कुठे?" मग मी निघाले गिरगावला.

गिरगावात मानसी राहते. माझी जुनी विद्यार्थिनी, आणि योगायोग असा की परळच्या त्याच अभ्यासात आकड्यांचं काम तिच्याकडे आहे. एका जुन्या उपाहारगृहात आम्ही बसलो. साबुदाणा वडा आणि पियुष. वडा गरम होता, गल्लीत ऊन छान पडलं होतं, समोर कुणीतरी तिसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून पाव वर ओढत होतं. मला बरं वाटत होतं. मी मानसीला म्हटलं, "मला वशिला नको गं. फक्त नीट समजावून सांग."

तिने सांगितलं. "बाई, तुम्ही-मी जिने चढलो की स्नायू जरासा तुटतो आणि आधीपेक्षा घट्ट भरून येतो. म्हणून आपल्याला व्यायामाने ताकद येते. यांचा तुटतो आणि भरून येत नाही. म्हणून आदल्या दिवशी विश्रांती फार महत्त्वाची. आणि तपासणी एकदाच होते. आज जमलं नाही म्हणून उद्या पुन्हा, असं नाही."

"का नाही?"

"ज्याला जमेपर्यंत संधी दिली, त्याचा शेवटचा आकडा चांगलाच येणार ना, बाई? मग औषधाने काय केलं ते कळणार कसं? आणि उद्या निवडीचा शेवटचा दिवस आहे."

मला पटलं. वर्गात मी तिला हेच शिकवलं असतं. सहज म्हणून मी वहिनींना फोन लावला, शशी झोपला का विचारायला.

"अहो वन्सं, झोपतोय कसला!" वहिनी आनंदाने किंचाळत होत्या. मागे टाळ्यांचा कडकडाट. "मामा त्याची स्टुलावरून उठायची तयारी करून घेतायत. सगळी चाळ जमलीय. काय उठतोय म्हणून सांगू! तुम्ही असायला हव्या होतात!"

मी ताडकन उठले. "थांबवा! वहिनी, आधी थांबवा त्यांना!" पण पलीकडे पुन्हा टाळ्या सुरू झाल्या आणि फोन बंद झाला. मग कितीदा लावला तरी कुणी उचलेना.

टॅक्सी मिळाली, पण भायखळ्याला रस्ता खोदून ठेवलेला. टॅक्सीवाला म्हणाला, "मॅडम, उडून जाऊ काय?" मी त्याच्याशी भांडले नाही, यावरून काय ते समजा. मी नुसती पदराचं टोक पिळत बसले होते. त्या चाळीत सामन्याच्या आदल्या दिवशी कुणी झोपत नाही. पोरांना तेल लावतात, मामा शिट्टी मारतात, गॅलरीतून बायका नावं घेऊन ओरडतात. ज्या माणसाची उद्या कसोटी आहे तो एकटा पडून राहिलाय, हे त्यांना बघवणारच नव्हतं. विश्रांती हा शब्द त्यांनी ऐकला असेल, पण तो आजाऱ्यासाठी. शशी त्यांच्या लेखी उद्याचा खेळाडू होता.

मी जिना चढले तेव्हा गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध वहिनींच्या स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल. त्यावर शशी, अंगात कुणाची तरी कबड्डीची बनियन, मांड्यांना तेल चोळलेलं, घामाने निथळतोय. मामा समोर वाकून, दोन्ही हात पुढे करून. "परीक्षा आसा मा उद्या? मगे निजान कसा चलात?" (मग झोपून कसं चालेल?) "ऊठ माज्या राजा!" शशी उठला. थरथरत, दात ओठात रुतवून, पण उठला. चाळ दुमदुमली. एका म्हातारीने त्याची दृष्ट काढली. आणि शशीचा चेहरा! नोकरी सुटल्यापासून मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"बस झालं!" मी म्हणाले.

"ताई, एकदाच गो. एकदाच." तो लहान मुलासारखा म्हणाला, आणि खाली बसला, आणि पुन्हा उठला. मला वाटलं मी रडेन. आनंदाने की भीतीने, ते मलाच कळत नव्हतं. मग मी सगळ्यांना पांगवलं. मामा थोडे दुखावले. "बाय, सराव नको?" त्यांनी विचारलं. मी स्टूल उचलून आत नेलं. मानसीचं बोलणं त्या गॅलरीत कुठल्या तोंडाने सांगणार होते मी?

सकाळी शशीला कूस बदलता येईना. लघवी कोऱ्या चहासारखी झाली. त्याने ती मला दाखवली आणि म्हणाला, "वहिनीला नको सांगू."

केंद्रात डॉक्टरबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "स्नायू तुटून लघवीत उतरतोय, सलाईन लावावं लागेल. आज उठायचा प्रयत्न करू नका असं मी सांगेन. पण प्रयत्न केला नाही तर नाव आपोआप गळेल." शशी म्हणाला, "मी करतो." त्याआधी मानसशास्त्राचा एक तरुण संशोधक आला. कागदावर एक आडवी रेघ होती. एका टोकाला काहीच आशा नाही, दुसऱ्या टोकाला पूर्ण आशा. शशीने पार उजव्या टोकाशी खूण केली.

तो स्टुलावर बसला. हात छातीशी बांधले. मी दाराच्या काचेतून बघत होते. त्याने जोर केला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि बूड स्टुलावरून तसूभरही हललं नाही. पुन्हा जोर. पुन्हा. डॉक्टरबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो थांबला.

मानसी कॉरिडॉरमध्ये आली. तिचे डोळे लाल झाले होते. "बाई, मी विचारून पाहू का? पुढच्या आठवड्यात एकदा..."

"नको," मी म्हणाले. "तुझं बरोबर आहे." गणिताच्या बाईने दुसरं काय म्हणायचं? पण सांगते, त्या क्षणी मला त्या नियमाची, त्या अभ्यासाची, माझ्या विषयाचीसुद्धा चीड आली होती. सगळं बरोबर होतं आणि माझा भाऊ आत पडला होता.

शशीला सलाईन लावलं. तो तरुण संशोधक पुन्हा आला, कानकोंडा झालेला. तपासणीनंतरही एकदा विचारायचं असतं, म्हणाला. तोच कागद, तीच रेघ. शशीने पेन घेतलं आणि पुन्हा उजव्या टोकाशीच खूण केली. पोरगं त्याच्याकडे बघतच राहिलं. "कालचा दिवस फार चांगला गेला," शशी त्याला म्हणाला.

दुपारी डॉक्टरबाईंनी कुडाळच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देऊन सोडल्यावर सामान घ्यायला चाळीत जाणं भाग होतं. टॅक्सीत शशी म्हणाला, "ताई, मामांना कळता कामा नये. म्हातारा जीव देईल." जिन्याशी पुन्हा खुर्ची, पुन्हा चार जण. वर मामा, हातात पेढ्यांचा पुडा.

"काय झाला?"

"उठलो मामा. एका दमात," शशी म्हणाला. "बोलावतील आता."

मामांनी पेढा त्याच्या तोंडात घातला आणि पंच्याने स्वतःचे डोळे पुसले. "बगितलास बाय? सराव फुकट जाणा नाय." मी पेढा घेतला. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

परतीची गाडी संध्याकाळची. परळ, लोअर परळ, काचेच्या इमारतींवर मावळतीचं ऊन. शशी खिडकीपाशी झोपला होता. त्या केंद्रातल्या लोकांनी आमचं काही वाईट केलं नाही, आणि चाळीतल्या लोकांनी तर जीव लावला. राग कुणावर धरायचा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. सावंतवाडी-कुडाळकडचे पुष्कळ जण मुंबईला औषधपाण्यासाठी आपल्याच माणसांकडे उतरतात. त्यांनी हे वाचावं आणि डॉक्टरांचं सांगणं दारातच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगून टाकावं.

शशी आता बहुतेक वेळ पलंगावरच असतो. फुटलेल्या कालव्यातल्या पाण्यासारखी ताकद गेली, ती त्या दिवसापासून वेगाने. मामांचा फोन दर रविवारी येतो. सराव चालू आहे की नाही, किती वेळा उठलास, दमलास का, तेल लाव. शशी पडल्या पडल्या सांगतो, हो मामा, झालं मामा. मामा तिकडे खूश होतात.

गेल्या रविवारी फोन वाजला तेव्हा त्याला तो कानाशीही धरता येईना. मी धरला. मामांनी विचारलं, "आज उठलंस मा?" शशीला बोलायला दम पुरत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"उठला, मामा," मी म्हणाले. "आत्ताच उठून बसला."