एक वीत पलीकडे

शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा मी हायडेलबर्गला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून डबा खात होते. "अगं, काका गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांच्या मागे चाललेल्या वॉशिंग मशीनचा आवाज ऐकू येत राहिला...

त्यानंतर काही आठवड्यांनी इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. पडद्यावर चेरीच्या फुलांचा फोटो लावला होता. विद्याधरकाका ओसाकाला राहून आले, तिथून शिस्त आणि स्वच्छता शिकून आले, असं एकामागून एक वक्ते सांगत होते. माणूस गेल्यावर चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण सोयीचं बोलू नये. काकांना त्यांच्या घरातून कोणी आणि कसं बाहेर काढलं, यावर त्या सभेत एक शब्द निघाला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

काका माझ्या बाबांचे कॉलेजमधले मित्र. गाड्यांच्या सुट्या भागांचे इंजिनियर. जर्मनीत झिंडेलफिंगेनला येण्याआधी कंपनीने त्यांना काही वर्षं ओसाकाला ठेवलं होतं आणि ते राहिले नाकाझाकी-चो नावाच्या मोहल्ल्यात. मोठ्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काचेच्या उंच इमारतींच्या पायाशी लाकडी बैठ्या चाळींची वस्ती. युद्धात बॉम्बनी आसपासचं शहर जाळलं, तेव्हा या गल्ल्या बऱ्याचशा वाचल्या. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात मासा भाजला की काकू खिडकी लावून घ्यायच्या. अंगण नाही, म्हणून लोक दारातच कुंड्या मांडायचे. कोपऱ्यावर लाल लाळेरं बांधलेला दगडी जिझो, म्हणजे मुलांचा सांभाळ करणारा देव. ते लाळेरं गल्लीतल्या बायका शिवायच्या. एका वर्षी ते काकूंनी शिवलं, खणाचं.

तिथे रोज सकाळी प्रत्येकजण आपलं दार झाडायचा आणि शेजाऱ्याच्या हद्दीत एक वीत पुढे जायचा. समोरच्या मोरिताआजींनी काकांना ते शिकवलं. आपल्या रेषेवर थांबलात तर तुम्ही माणूसघाणे, आणि शेजाऱ्याचं सगळंच झाडलंत तर त्याला उपकाराखाली दाबलंत. म्हणून वीतभरच. याला कोणी शिस्त म्हणत असेल तर म्हणो. काका त्याला 'विचारपूस' म्हणायचे.

ती सवय घेऊन ते झिंडेलफिंगेनच्या या श्वाबेन मुलखात आले, जिथे जिना झाडायची आठवड्याची पाळी ठरलेली असते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. काकांनी पहिल्याच आठवड्यात समोरच्या फ्राऊ शेफरच्या, म्हणजे शेफरबाईंच्या, दारापुढे वीतभर झाडलं. तिने बेल वाजवली. पाटी माझ्या दारावर आणि झाडू तुमचा, माझी सफाई कमी पडते का, असं तिने विचारलं. काकांनी अर्धं जर्मन, अर्धं हातवारे करून नाकाझाकी समजावलं. ती दार लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारापुढची एक वीत झाडलेली होती. तिथून त्या दोघांची जी दोस्ती जमली, ती काकू अजून हसत हसत सांगतात. "अहो, तुमची शेफरीण आली," म्हणायच्या.

मग ती सगळी इमारत विकली गेली. नव्या मालक कंपनीने दुरुस्ती काढली, भाडी कुठल्या कुठे जाणार हे कळवलं आणि जुन्या भाडेकरूंना जाण्याचे गोड सल्ले दिले. भिंती फोडणं रोज सुरू झालं. आईबाबांच्या युनियनच्या पत्रकांवर मी वाचायला शिकले, त्यामुळे लगेच एक पत्रक लिहून नेलं. काकांनी चष्मा वर करून वाचलं. "पुढारीणबाई, भांडवलशाही आली, नफेखोरी आली. यात शेफरीण कुठाय?"

मी चिडले. तुम्ही लढणार की नाही, एवढंच सांगा म्हटलं. तेव्हा ते मोरिताआजींबद्दल बोलले. नाकाझाकीच्या जुन्या घरांत आधी तरुण पोरांनी हौसेने कॅफे काढले, मग नाव झालं, मग भाडी चढली. आजी मुलाकडे लांबच्या टॉवरमध्ये गेल्या. काका नंतर एकदा तिथे गेले तर आजींच्या दारात कॅफे होता, आणि कुंड्या जिथल्या तिथे. गिऱ्हाइकं त्यांचे फोटो काढत होती.

"कुंड्या ठेवून घेतल्या गं," काका म्हणाले, "बाई घालवली."

इथेही तेच झालं. कंपनीच्या वेबसाइटवर 'जिवंत शेजार' अशा शब्दांखाली काकांच्या जिन्याचा फोटो झळकला, त्यात त्यांची कढीपत्त्याची कुंडी होती. ज्यांनी तो शेजार वीत वीत करून उभा केला, त्यांचं हृदय ड्रिलच्या आवाजाने थकवायचं आणि त्यांचीच कुंडी दाखवून फ्लॅट विकायचे. याला मी चोरी म्हणते. कायद्यात बसणारी चोरी.

हृदयाला हा आवाज झेपणार नाही असं डॉक्टरांनी बजावल्यावर काका-काकू गावाबाहेरच्या इमारतीत गेले. तिथे झाडायला सफाई कंपनी येते. काका काही दिवस सकाळी झाडू घेऊन दारात उभे राहत, मग आत येऊन बसत. आणि थंडी संपायच्या आत गेले... हृदयविकार, असं दाखल्यावर आहे. मला तेवढं कारण पुरत नाही.

गेल्या आठवड्यात काकूंनी मला कढीपत्ता आणायला जुन्या घरी पाठवलं. थंडीत हलवता आला नव्हता, फ्राऊ शेफरने सांभाळला होता. सगळ्या इमारतीत आता ती एकटी उरली आहे. वकील केला आहे, हलत नाही. जिन्यात सगळीकडे पांढरी धूळ होती. फक्त तिचं दार स्वच्छ होतं आणि समोर, काकांच्या कुलूप लागलेल्या दाराच्या बाजूला, एक वीत.

मला राहवेना. ती झाडू घेऊन दारातच उभी होती; तो तिच्या हातातून घेऊन मी काकांचा सगळा उंबरठा झाडायला निघाले. तिने माझं मनगट धरलं.

"जास्त नको," ती जर्मनमध्ये म्हणाली. "त्याला परत फेडावं लागेल."