हरणाच्या खुरांखालचा कोपरा

जेवण अंमळ जास्तच झालं आहे. बांगड्याचं तिखलं आणि उकडा भात पोटात असताना भरदुपारी डोळे उघडे ठेवायचे म्हणजे कठीणच. दर्शना लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीला टेकते. पाच मिनिटं, असं स्वतःला बजावते. असं म्हणणारं माणूस पाच मिनिटांत कधी उठलंय?

लॅपटॉपवर हरणाचं चित्र आहे. तिच्या घरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या अशी चित्रं देवळात हातात धरून गोष्टी सांगितल्या. चित्रकथी म्हणतात ते हेच. उद्या ही सगळी चित्रं वेबसाइटवर लोकांसाठी खुली होणार. दर्शनाने ती स्कॅन केली, काळपट डाग काढले, कडा छाटून सरळ केल्या. कामावर ती बेहद्द खूश आहे.

"लख्ख झाली हत," कोणीतरी म्हणतं.

समोर धाकू आजो बसलाय. तिचा आजोबा, ती सहा वर्षांची असताना गेलेला. त्याचा एकसुद्धा फोटो नाही. आधार कार्डं निघायच्या आधीच गडी निघून गेला. त्यामुळे चेहरा काही धड दिसत नाही, पण मांडी ठोकून बसायची ऐट त्याचीच. तो मेलाय हे तिला ठाऊक आहे आणि त्यात तिला काही विशेष वाटत नाही. जेवलास का, असं ती विचारते. तो हात हलवतो, लोक खोळंबलेत म्हणतो.

खरंच खोळंबलेत. खोलीला आता भिंती नाहीत, देवळाचा मांडव आहे. समई तेवते आहे, माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत. गोष्ट हरणापर्यंत आली आहे. आजोच्या एका हातात तुणतुणं. दुसरा तो पुढे करतो. दर्शना लॅपटॉपमधून चित्र अलगद काढून देते, ताटातली वडी काढावी तसं.

चित्र त्याच्या हातातून सटकतं. तो उचलतो, पुन्हा सटकतं. कोणी हसत नाही. सुरू केलेली गोष्ट अर्धी सोडायची नाही हा या घराचा नेम, आणि चित्र उभं धरल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

"हेका धरू खंय गो?"

"खालच्या कोपऱ्याक धर."

"कोपरो खंय हा?"

ती वाकून बघते. चित्र हरणाच्या खुरांपाशीच संपलंय.

"थंय डाग होतो, आजो. तेलाचो, काजळीचो. मी काडलंय."

"माजो अंगठो तो. तेच्याखाली माज्या बापाशीचो."

तो रागावलेला नाही, आणि तेच तिला लागतं. मांडव आता नदी झालाय. माणसं तशीच बसलीत, घोट्यापर्यंत पाण्यात.

"रवांदे," आजो म्हणतो. "चित्रां बरी दिसतत." तो तुणतुणं खाली ठेवतो आणि उठतो. गोष्ट अर्धी टाकून माणसंही उठतात. दर्शना त्याला धरायला हात पुढे करते.

मान झटक्याने सरळ होते. ऊन लादीवर पसरलंय, मागीलदारी आई भांडी घासतेय. मांडीवरच्या लॅपटॉपवर हरीण तसंच आहे, आणि त्याच्या खुरांखाली, काचेवर, तेलकट अंगठा उमटलाय. जेवून हात तर तिने साबणाने धुतले होते. ती आपला अंगठा त्यावर टेकवून बघते. ठसा चहूबाजूंनी उरतो.

आई फडकं घेऊन येते, काच किती घाण झालीय म्हणते. दर्शना तिचा हात धरते. नको, म्हणते, राहू दे.

मग ती मूळ स्कॅन शोधते. शहाणपणा एवढाच की ते पुसून टाकले नव्हते. छाटलेली कड परत येते. कोपरा काळा, चिकट, अंगठ्यांवर अंगठे बसून झिजलेला. उद्या लोक म्हणतील, चित्रं नीट साफ केली नाहीत. म्हणू देत. आजोचा फोटो नाही असं ती इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आली. तिला रडू येतं, पण काम बरंच आहे. ती पुढचं चित्र उघडते.