मॅनेजर चौदा, कंवरसाब साठ

शुक्रवारी सकाळी टॉकीजवर आलो, तर बोर्डावर माझ्या नावाखाली दुसऱ्याचं नाव चढत होतं. पेंटर युसुफभाई शिडीवर उभा होता. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. मला बघून त्यानं मान फिरवली.

"युसुफभाई, हे काय करून राह्यलात?"

"शेठका हुकूम हय साब. कंवरसाबचा भाव बी लिहायचा. आपल्याले काय?"

मी जालन्याच्या एका टॉकीजचा मॅनेजर होतो. टॉकीज मोतीलाल शेठची. शेठचा मूळ धंदा सरकी-कापसाचा, टॉकीज हा हौसेचा. कंवरसाब म्हणजे शेठचे धाकटे जावई. मारवाडी घरात जावयाला मानानं तसं म्हणतात. पुढं सगळं गावच त्यांना कंवरसाब म्हणायला लागलं. ते नागपूरचे, मधली काही वर्षं मुंबईत काढलेली. शेठनं त्यांना जिनिंग बघायला म्हणून जालन्यात आणलं. जिनिंगमध्ये ते सकाळी तासभर दिसायचे, बाकी वेळ टॉकीजमध्ये.

आता बोर्डाचं सांगतो, कारण सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

चित्राची पेटी गुरुवारी पॅसेंजरनं यायची. पेटी म्हणजे रिळांचे डबे. दुपारी दारं लावून आम्ही सगळी रिळं एकदा चालवून बघायचो. त्याला ट्रायल म्हणतात. प्रिंट कुठं फाटली आहे का, जॉइंट सुटले आहेत का, ते बघायचं काम ऑपरेटरचं. मी बघायचो ते चित्र. बघून झालं की त्याला भाव द्यायचो. सोळा आण्यांपैकी किती आणे. गाण्यांना चार, रडण्याला चार, हसण्याला चार आणि शेवटाला चार. हा हिशेब माझा मीच बसवला होता आणि मला त्याचा अभिमान होता. युसुफभाई तो भाव बोर्डावर लिहायचा: "मॅनेजरचा भाव: बारा आणे."

सुरुवातीला एका चित्राला मी सहा आणे दिले तेव्हा शेठ भडकले होते. "आपल्याच दुकानात बसून आपल्याच मालाला नावं ठेवता?" मी म्हणालो, "शेठजी, तुम्ही कापसाची प्रत सांगूनच विकता ना? हलक्या मालाला हलका म्हटलं तरच गिऱ्हाईक भारी मालाला भारी मानतं." शेठ व्यापारी माणूस. त्यांना ते तिथल्या तिथं पटलं. तेव्हापासून माझ्या आण्यांना गावात किंमत आली. रस्त्यानं निघालो की लोक सायकलवरून उतरून विचारायचे, "मॅनेजरसाहेब, ह्या बारीला किती आणे?" स्टेशनरोडच्या हॉटेलात माझी खुर्ची ठरलेली होती.

त्या खुर्चीवर कंवरसाब बसायला लागले.

माणूस वाईट नव्हता. हेच जास्त खुपायचं. डोळ्याला गॉगल, पायात पंपशू, बोलणं गोड. चित्र बघून आले की हॉटेलात सगळ्यांना चहा सांगायचे आणि मग बोलायला लागायचे. फोटोग्राफी अशी, कॅमेरा तसा, मुंबईत हीच गोष्ट दुसऱ्या चित्रात कशी चांगली होती. लोक तोंड उघडं ठेवून ऐकायचे. त्यांच्यातल्या अर्ध्यांना कॅमेरा कुठं असतो ते ठाऊक नव्हतं. मला हेवा वाटत होता. आडून कशाला सांगू, पोटात दुखत होतं.

त्यावर कडी केली आमच्या कुसुमनं. एका गुरुवारी जेवताना मी तिला सांगितलं, "या वेळच्या चित्राला अकरा आणे." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा भाव ऐकल्याशिवाय ती कधी चित्राला गेली नव्हती. ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आन् कंवरसाबांनी किती दिले?"

मी त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठलो. ती म्हणाली, "अहो, मी आपलं सहज विचारलं." सहज विचारलेलंच जास्त लागतं.

त्याच वर्षी नवे पैसे आले होते, रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे. आमच्या भागातल्या लोकांनी आधी निजामाचा हाली शिक्का वापरला, मग हिंदुस्थानचा कलदार रुपया, आणि आता हे नवे पैसे. बाजारात आणेही चालत आणि नवे पैसेही चालत. कंवरसाबांना नव्याची हौस. त्यांनी जाहीर केलं, आपण भाव शंभरापैकी देणार. आणे जुने झाले.

दिवाळीनंतरचा हप्ता, म्हणजे आठवडा, जवळ आला. आमच्या धंद्यात त्याला सिझन म्हणत. कापसाच्या गाड्या जाफराबाद, भोकरदन, पार कुंभार पिंपळगावाकडून जालन्याला यायच्या. माल विकला की माणसं एक चित्र बघूनच गाडी जुंपायची. तो एक हप्ता भरला की टॉकीजचं वर्ष निघायचं. त्या हप्त्यासाठी मी एक नणंद-भावजयीचं चित्र घेतलं होतं. कुठल्या हप्त्याला कुठलं चित्र लावायचं ते ठरवून कंपनीशी बोलणी करणं म्हणजे बुकिंग. ते काम माझं होतं. मॅनेजरकीतलं बाकी सगळं काम कुणीही करील. बुकिंगसाठी चित्राची आणि माणसांचीही पारख लागते. माझा जीव त्यात होता.

गुरुवारी ट्रायल झाली, त्या दिवशी शेठही येऊन बसले होते. नणंद सासरी जाताना भावजय तिच्या ओटीत स्वतःच्या बांगड्या घालते, तिथं आमचा ऑपरेटरसुद्धा मशीन सोडून डोळे पुसत होता. मी चौदा आणे दिले. हसण्याचे दोन कापले, कारण विनोदी नट अगदीच पडेल होता.

कंवरसाब गॉगल पुसत म्हणाले, "साठ. त्याच्यावर एक पैसा न्हाई. शेठजी, ऐन सिझनला हे रडगाणं? लोक पैसे घेऊन येतात ते काय रडायला?"

शेठ माझ्याकडं वळले. "मॅनेजरसाब, तुमचं काय म्हणणं?"

"शेठजी, घरून निघून चार दिवस गाडीवर काढलेला माणूस आहे. त्याला घरचंच चित्र लागतं."

शेठनं दोघांकडं बघितलं. मग तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "ठीक हाय. हप्ता भरला तर बुकिंग तुमच्याकडं. खाली गेला तर पुढच्या महिन्यापासून कंवरसाब बघतील. मंग माझ्याकडं रडत येऊ नका."

म्हणून ते शुक्रवारचं नाव. शेठचं म्हणणं असं की दोघांचाही भाव लागू द्या, पब्लिक ठरवील. चित्राचं पोस्टर मोठं होतं. त्यात भावजयीच्या पदरानं अर्धा बोर्ड खाल्ला होता. खाली बोटभर पट्टी उरली.

"पूरा लिखनेको जगाच न्हाई साब," युसुफभाई म्हणाला. "आकडाच टाकतो."

मी तेव्हा रागात होतो. म्हणालो, "टाका काय टाकायचं ते." आणि ऑफिसात जाऊन बसलो. युसुफभाईनं लिहिलं:

मॅनेजर १४. कंवरसाब ६०.

पहिला शो भरला. संध्याकाळचा भरला. शनिवारी खिडकीवर माणसं मावेनात, बाया तर दारातच बसून राहिल्या. बांगड्यांचा प्रसंग आला की आत असा हुंदका उठायचा की बाहेर टांग्याची घोडी कान टवकारायची. मी ऑफिसात एकटाच हसत होतो. जिंकलो होतो. म्हटलं, आता हॉटेलात जाऊन जरा आपल्या खुर्चीचं बघावं.

हॉटेलात कंवरसाब बसलेले. भोवती गर्दी. एक अडत्या त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, "मान गये कंवरसाब! तुम्ही साठ दिले तेव्हाच मी म्हणलं, चित्रात दम हाय."

मला काही कळेना. तेवढ्यात जाफराबादकडचा एक म्हातारा गाडीवान माझ्याजवळ आला. डोळे रडून लाल झालेले.

"तुम्हीच का मॅनेजर?"

"हो."

"साहेब, एक इचारू? राग मानू नका. एवढ्या चांगल्या चित्राला तुम्ही चौदाच कामून दिले? तुम्हाला बहीण न्हाई का?"

"अहो बाबा, चौदा आणे! सोळापैकी चौदा!"

"मंग त्यांनी साठ कशातले दिले?"

"शंभरातले! म्हणजे दहा आणेसुद्धा होत न्हाईत!"

म्हातारा विचारात पडला. "बोर्डावर तर आणे दिसले न्हाईत," तो म्हणाला. "आम्ही आपलं बघितलं, एकानं चौदा दिले, एकानं साठ. साठवाल्याचं ऐकून आत गेल्तो. बरं झालं गेलो."

झालं होतं ते असं. गावातल्या लोकांना माझे आणे ठाऊक होते. पण सिझनची गर्दी बाहेरची. त्यांनी दोन आकडे बघितले आणि मोठ्या आकड्याच्या माणसाला शहाणा ठरवलं. त्यांच्या तोंडून ऐकून गावही तसंच बोलायला लागलं. चित्र मी निवडलं, चौदा मी दिले आणि हार त्या माणसाच्या गळ्यात पडत होता, ज्यानं त्याच चित्राला रडगाणं म्हटलं होतं.

रविवारी सकाळी मी युसुफभाईला घरून उठवून आणलं. भावजयीच्या पदरावरच पांढऱ्या रंगात 'आणे' लिहून घेतलं. दुपारपर्यंत हॉटेलात नवी बातमी होती: "चित्र चाललं तसा मॅनेजरनं बोर्ड बदलून घेतला. जळतो बिचारा."

जळत होतो हे खरं होतं. पण बोर्ड खरा होता, हेही खरंच होतं. या दोन गोष्टी एका माणसात एकदम असू शकतात, हे गावाला पटवणं अशक्य.

कंवरसाब ऑफिसात आले. समोरच्या खुर्चीवर आरामात बसले.

"मॅनेजरसाब, तुमची पारख मानली. बिलकुल बराबर निघाली."

"मग हे हॉटेलात सांगा ना."

ते हसले. "मी कुणाला काही बोललो का? मी साठ दिले, साठच लिहिलेत. लोक हार घेऊन आले तर मान मागं कशाला घ्यायची?"

मी त्यांच्या जागी असतो तर मीही मान पुढंच केली असती. त्यानं तर अंगाचा आणखीनच तिळपापड झाला.

हप्ता संपल्यावर शेठनं आम्हाला पेढीच्या गादीवर बोलावलं. मी तयारीनं गेलो होतो. चौदा आणे म्हणजे साडेसत्त्याऐंशी नवे पैसे, हे पाठ करून. तोंड उघडायच्या आत शेठ म्हणाले, "साडेसत्त्याऐंशी. माहीत हाय मले. तीन शिक्के बदलले माझ्यासमोर. बुकिंग तुमच्याकडंच राहील."

मी कंवरसाबांकडं बघितलं. ते गॉगल पुसत होते.

"पण," शेठ म्हणाले, "बोर्डावर हितून पुढं फक्त कंवरसाबचा भाव."

"शेठजी! त्यांचा भाव चुकला होता!"

"चुकला असंल. गर्दी त्याच भावानं आली ना? माल निवडायला तुम्ही. पाटी लावायला ते."

"मग माझाही नव्या पैशात लिहू. साडेसत्त्याऐंशी."

"एका मालाला दोन भाव दिसले की गिऱ्हाईक बिचकतं, मॅनेजरसाब. ह्या बारीला चाललं ते नशीब म्हणा." शेठनं तंबाखूची डबी बंद केली. बोलणं संपलं.

मला काय मिळालं? जे हवं होतं तेच. बुकिंग माझं राहिलं, पुढं रिटायर होईपर्यंत माझंच होतं. तरी गादीवरून उतरताना हरल्यासारखं वाटत होतं. चित्र कुणी आणलं हे कोण विचारतो? बोर्डावर नाव कुणाचं, तेच लोक वाचतात.

पुढं दर गुरुवारी ट्रायलला कंवरसाब माझ्या शेजारी बसायचे. चित्र संपलं की हळूच विचारायचे, "मॅनेजरसाब, तुम्हाला कसं वाटलं?" मी आण्यात सांगायचो. ते मनातल्या मनात सहा-सव्वासहानं गुणायचे, त्यात थोडं इकडं-तिकडं करायचे आणि शुक्रवारी बोर्डावर लागायचं. लोक म्हणायचे, कंवरसाबांचा भाव आता काय बिनचूक झालाय!

एकदा घरी कुसुमनं विचारलं, "ह्या हप्त्याचं कसं आहे हो?"

"तेरा आणे," मी म्हणालो. आता जेवणावरून उठणं सोडलं होतं.

"तेराच? कंवरसाबांनी तर ऐंशी दिलेत."

मी ताटावरचा हात थांबवला. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तेरा आणे म्हणजे ऐंशीच्याही वर एक. ते ऐंशी मुळात माझेच आहेत, एक खाऊन लावलेले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आमटी वाढली.

"मंग तसं सांगत जा की," ती म्हणाली. "आता भाजीवालीसुद्धा आण्यात बोलत न्हाई."

इतक्या वर्षांच्या नोकरीतून शिकलो ते एवढंच. मत कितीही खरं असलं तरी ते चालू नाण्यात द्यावं. मी अजून आण्यातच देतो, ती गोष्ट वेगळी.